पहाटेचा पहिला सेल्फ

डिसेंबर लागला की माझा फोन कोंबड्याच्या आधी वाजतो. निफाड तालुक्यात गॅरेज म्हटल्यावर ते चालायचंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की त्या पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. बागेवरून परतलेला माणूस गाडीला सेल्फ मारतो, खडखडाट ऐकून दचकतो, मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि मला पाठवतो. खाली एकच ओळ असते : "भाऊ, इंजिन गेलं का?"

बहुतेकदा गेलेलं नसतं. पण "काही नाही हो, थंडी आहे" असं म्हणून मी सोडूनही देत नाही, कारण तोच आवाज कधीकधी खरंच काहीतरी सांगत असतो. म्हणून मी उलट तीन प्रश्न विचारतो. सेल्फ मारल्यापासून आवाज किती वेळ राहिला? हलका रेस दिल्यावर वाढला का? आणि मीटरमधला ऑइलचा लाल दिवा किती वेळात विझला? या तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे असली तर निम्मं काम झालं म्हणून समजा. त्यासाठी मोबाइलमध्ये आवाज नाही, व्हिडिओ घ्या. आधी मीटरवर कॅमेरा धरून सेल्फ मारा आणि दिवा विझला की मग बोनेटकडे जा.

आता आवाज ओळखायचे कसे ते सांगतो. मी ते घड्याळावर ओळखतो, कानावर नंतर.

पहिल्या एक-दोन सेकंदांत "खर्रर्र" होऊन एकदम थांबला, तर तो ऑइल वर पोचेपर्यंतचा आवाज. रात्रभर गाडी उभी राहिली की हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, उतरतं. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, असलेल्या गाडीत ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर ताणलेला असतो. प्रेशर नाही तोवर चेन सैल, आणि सैल चेन गाइडवर आपटते. दोन सेकंदांपर्यंत मी त्याकडे बघत नाही. रोज चार-पाच सेकंद होऊ लागला तर मात्र बघायचं.

अर्धा मिनिट ते दोन मिनिटं बारीक, एकसारखी टकटक, रेस दिली की तिचा ताल वाढतो आणि हळूहळू विरते : ही बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या, ऑइलवर चालणाऱ्या तुकड्यांची. त्यांच्या पोटातलं ऑइल रात्रीतून निथळतं, ते परत भरेपर्यंत वाजतात. तुमच्या गाडीला साधे टॅपेट असतील तर टकटक गरम झाल्यावरही राहते आणि तिथे ऑइलचा नाही, सेटिंगचा प्रश्न असतो. फिलर गेज लावून गॅप मोजायचा, बास. एक मात्र लक्षात ठेवा : पेट्रोल गाडीचे इंजेक्टरही शिलाई मशीनसारखे टिकटिकतात, थंडीत आणि उन्हाळ्यातही. त्याला औषध नाही, कारण तो आजार नाही.

पाच-सात मिनिटं जरा जाडसर "ढब ढब", आणि टेम्परेचरचा काटा वर आला की गायब : जुन्या इंजिनात हा पिस्टनचा असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा. तो गार असताना आकसतो आणि सिलिंडरमध्ये किंचित हिंदकळतो, गरम झाला की फुगून नीट बसतो. वर्षानुवर्षं असा आवाज करणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात आणि ठणठणीत चालतात. याच्याशी गल्लत होते ती एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून होणाऱ्या गळतीची. तीही गार असताना फट्फट् करते आणि लोखंड तापून पसरलं की गप्प होते. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे धुराची नळी इंजिनाला जुळते तिथे, टॉर्च मारा, काजळीचा काळा पट्टा दिसला की उत्तर मिळालं. तिथे महागडं ऑइल घालून काय होणार?

डिझेलवाल्यांना वेगळं सांगतो. थंड हवेत डिझेल पेट घ्यायला उशीर लावतं, मग एकदम भडकतं, म्हणून ते ठोक्यासारखं वाजतं. चावी फिरवल्यावर हीटरचं पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. इतकं करूनही धूर आणि ठोका दोन्ही असेल तर हीटर प्लग तपासायचे.

आणि ज्या आवाजाला मी रविवारीसुद्धा गॅरेज उघडतो तो असा : खोल, जड ठोका, इंजिन गरम झालं तरी न जाणारा, उलट लोड आला की वाढणारा. तो बेअरिंगचा असू शकतो. किंवा ऑइलचा लाल दिवा पाच सेकंदांनंतरही पेटलेलाच. या दोन्हींत गाडी बंद करा, कांडी काढून ऑइलची पातळी बघा आणि टोइंग बोलवा. "हळूहळू आणतो" म्हणून आणलेली इंजिनं मी पाहिली आहेत. ती मग ट्रकमधूनच परत जातात.

जाड ऑइलची माझी करामत

आता कबुलीजबाब. २०१४ ची गोष्ट. माझ्याकडे २०डब्ल्यू-४० चं बॅरल असायचं, ट्रॅक्टर आणि जुन्या जीपांसाठी. दिवाळीच्या आधी मेव्हणा त्याची बाराशे सीसीची पेट्रोल गाडी घेऊन आला. कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. पण घरचा माणूस, बॅरल समोर, आणि माझ्या डोक्यात त्या काळचं ज्ञान : ऑइल जितकं जाड तितकं इंजिन सुखी. घातलं. चार दिवसांनी त्याचा फोन. "दाजी, इंजिन चालू आहे का बंद तेच कळत नाही." मी खूश.

डिसेंबरात तोच मेव्हणा सकाळी सात वाजता दारात. आधी सेकंदभर होणारी चेनची खरखर आता सात-आठ सेकंद होत होती. लाल दिवाही रेंगाळत विझायचा. मी ऐकलं आणि छातीठोकपणे सांगितलं, चेन गेली. चेन, टेन्शनर, गाइड, मजुरी धरून त्याला पाच आकडी खर्च सांगितला. सामान आणायला नाशिकला गेलो तेव्हा वाटेत माझ्या वस्तादांकडे चहाला थांबलो. त्यांनी एकच प्रश्न केला, "ऑइल कुठलं घातलंय?" मी सांगितलं. ते हसले नाहीत, नुसतं म्हणाले, "आजार रेड्याला आणि औषध पखालीला. आधी ते काढ."

काढलं. ५डब्ल्यू-३० आणि नवा फिल्टर घातला, गाडी रात्रभर अंगणात उभी केली. सकाळी खरखर एक सेकंद. चेन त्याच गाडीत पुढे बरीच वर्षं चालली.

झालं होतं काय, ते नीट समजून घ्या, कारण प्रेशरच्या मीटरवर भुलणारे मेकॅनिक आजही पुष्कळ आहेत. जाड ऑइल थंड असताना प्रेशर जास्तच दाखवतं. पण ते प्रेशर पंपाच्या तोंडाशी. तिथे ठरावीक मर्यादा ओलांडली की रिलीफ वाल्व्ह उघडतो आणि ऑइल वर जायच्या ऐवजी परत चेंबरमध्ये पडतं. शिवाय घट्ट ऑइल चेंबरच्या जाळीतून पंपापर्यंत ओढलं जायलाच वेळ लागतो. हेडमध्ये, लांबच्या बारीक नळ्यांच्या टोकाला बसलेला टेन्शनर तोवर उपाशी. ऑक्टोबरात हे कळत नाही. उलट गरम इंजिनात जाड ऑइल बारीकसारीक आवाज दाबून टाकतं, म्हणून माणूस फसतो. तसा मी फसलो.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला पटत नसेल तर मी त्याला एक खेळ दाखवतो. हातच्या काकणाला आरसा कशाला! अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन रिकाम्या, कोरड्या बाटल्या घ्यायच्या. एकीत ५डब्ल्यू-३०, दुसरीत २०डब्ल्यू-४०, गळ्यापर्यंत. झाकण लावून रात्रभर बाहेर ओट्यावर ठेवायच्या. पहाटे सायकलच्या फ्रीव्हीलमधला बारीक छर्रा, साधारण तीन मिलिमीटरचा, प्रत्येकीत अलगद सोडायचा आणि मोबाइलच्या घड्याळावर मोजायचं. गेल्या जानेवारीत माझ्या ओट्यावर सहा अंश होते. ५डब्ल्यू-३० मध्ये छर्रा दीड सेकंदात तळाला. २०डब्ल्यू-४० मध्ये चार सेकंद, आणि तो उतरताना असा दिसतो की जणू मधात सोडलाय. शेजारी उभा असलेला पोरगा म्हणाला, "हा तर झोपलेलाय." त्याच बाटल्या दुपारी उन्हात ठेवल्या तर दोन्ही छर्रे गपकन बुडतात, हातानं मोजण्याइतका फरक उरत नाही. म्हणजे भांडण सगळं पहाटेचंच आहे.

डब्यावरचे आकडे

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा हा कुठल्या तापमानाचा आकडा नाही, हा गैरसमज आधी काढा. तो दर्जाचा क्रमांक आहे. लहान आकडा म्हणजे थंडीत ऑइल जास्त पातळ राहतं. ५डब्ल्यू ऑइलची सेल्फ मारण्याजोगी पातळता उणे ३० अंशांना तपासतात, १०डब्ल्यूची उणे २५, १५डब्ल्यूची उणे २० आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना.

मग तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे उणे काही होतं? बरोबर. निफाडात काय किंवा महाबळेश्वरात काय, २०डब्ल्यूनेसुद्धा इंजिन फिरतं, सुरूही होतं. प्रश्न सुरू होण्याचा नाही, सुरू झाल्यावर ऑइल वर पोचायला किती वेळ लागतो याचा आहे. म्हणून माझं मत सरळ आहे : महाराष्ट्रात ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर डोकं फोडू नका, दोन्ही चालतात, पुस्तकात आहे ते घ्या. पण ५डब्ल्यू सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू घालू नका. लेह-लडाखला हिवाळ्यात जाणार असाल तर गोष्ट निराळी, तिथे हा पहिला आकडा खरंच कामाचा.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ऑइलचा घट्टपणा सेंटीस्टोकमध्ये मोजतात. २० ग्रेड म्हणजे ६.९ ते ९.३, ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणाऱ्या, ऑइलवर चालणाऱ्या यंत्रणा, हे सगळं इंजिन बनवणाऱ्यानं एक आकडा धरून जमवलेलं असतं. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगतात तेव्हा जुन्या लोकांच्या पोटात गोळा येतो. "पाणी आहे की ऑइल?" असं मला रोज कोणीतरी विचारतं. अहो, गार असताना तेच "पाणी" गरम २०डब्ल्यू-५० पेक्षा कितीतरी घट्ट असतं.

तर निवडायचं कसं? गाडीचं पुस्तक काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली असतं. त्यात ऑइलच्या पानावर बहुधा तापमानाचा तक्ता असतो, दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. त्यातला थंडीला चालणारा, म्हणजे पहिला आकडा लहान असलेला घ्या. ग्रेडच्या बरोबर दर्जाही जुळवा. पेट्रोलला एपीआय एसएन किंवा एसपी असं काही लिहिलेलं असेल, तितका किंवा त्याहून नवा हवा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ डिझेलला तर ग्रेडइतकाच दर्जा महत्त्वाचा. त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं, एसीईए सी२, सी३ किंवा कंपनीचा स्वतःचा नंबर. साधं डिझेल ऑइल घातलं तर राखेनं तो फिल्टर लवकर भरतो.

गाडी दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली, हजार किलोमीटरला कांडीवर दिसण्याइतकं ऑइल कमी होतंय, तर काय? तर दुसरा आकडा एक पायरी वाढवा, पहिला तसाच ठेवा. ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४०, तेही पुस्तकातल्या तक्त्यात बसत असेल तर. लोक सरळ २०डब्ल्यू-५० वर उडी मारतात आणि मग जानेवारीत मला फोन करतात.

बाइकवाल्यांसाठी थोडक्यात : कारचं ऑइल बाइकला नको. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारच्या पातळ ऑइलमधल्या घसरण वाढवणाऱ्या रसायनांनी तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघा, ती अशा भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यू-३०, ३५० च्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. ते जाड आहे म्हणून आपल्या कारलाही चालेल, असा हिशेब नको.

बदलताना

घरी बदलणार असाल तर गाडी आधी दहा मिनिटं चालवून आणा, ऑइल कोमट हवं, उकळतं नको. सपाट जागा, हँडब्रेक, चाकामागे दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. चेंबरचा नट सोडा, पंधरा मिनिटं निथळू द्या. नटाचा वायसर दर वेळी नवा. वीस रुपयांचा वायसर वाचवून चेंबरचे आटे खाल्लेल्या गाड्या माझ्या कमाईचा एक भाग आहेत, तक्रार नाही.

फिल्टरवर मात्र कंजुषी नको, कारण सकाळच्या खरखरीचं निम्मं रहस्य त्याच्यात असतं. फिल्टरच्या आत रबराची एक पातळ चकती असते. ती ऑइल परत खाली जाऊ देत नाही. स्वस्त फिल्टरमधलं रबर काही महिन्यांत कडक होतं, मग आडवा किंवा तोंड खाली असलेला फिल्टर रात्रीतून रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. मी जुना फिल्टर काढल्यावर त्या चकतीवर बोट दाबून बघतो. मऊ असली तर ठीक, कागदासारखी वाजली तर गिऱ्हाइकालाही दाबायला लावतो. नवा बसवताना जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, ते बोटानं चाचपा. नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा, हातानं टेकेपर्यंत आवळा आणि त्यापुढे पाऊण फेरा. पाना लावून पहिलवानकी नको.

ऑइल पुस्तकातल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओता. इंजिन सुरू करा, दिवा विझू द्या, अर्ध्या मिनिटानं बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग कांडीच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ येईल इतकं घाला. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक त्यात घुसळते आणि फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइलही टॅपेट वाजवतं. डबा सीलबंद घ्या, रिकामा झाला की फोडून टाका. गोळा झालेले चांगले डबे कुठे भरले जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे. काळं ऑइल पाटात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नका, गॅरेजवर आणून द्या, जुनं ऑइल घेणारा माणूस येतो.

एवढं केल्यावर चार-पाच सकाळी लक्ष ठेवा. योग्य ऑइल, चांगला फिल्टर, पातळी बरोबर, आणि तरीही रोज तीन सेकंदांच्या वर खरखर? तर मग चेन किंवा टेन्शनर उघडून बघायला हरकत नाही. मागच्या थंडीत एका प्रवासी गाडीचं असंच निघालं : ऑइल उत्तम, चेनच ताणलेली. मालकानं तीन वेगवेगळ्या ब्रँडची ऑइलं बदलून बघितली होती. ताणलेली चेन ऑइलनं आखडत नाही.

आणि सकाळी सेल्फ मारल्या मारल्या रेस देण्याची सवय सोडा. ऑइल वर पोचलेलं नसतं आणि तुम्ही कोरड्या बेअरिंगला पळवता. दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम करणंही नको. गार इंजिन जास्त पेट्रोल पितं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. वीस-तीस सेकंद थांबा, निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर आरपीएमचा काटा अडीच हजारांच्या खाली ठेवा. बागेतून मुख्य रस्त्याला येईपर्यंत एवढं अंतर होतंच.

एक शेवटची अडचण, जी रोज होते. तुम्ही आवाज ऐकता, गाडी चालवत माझ्याकडे आणता, आणि इथे पोचेपर्यंत इंजिन गरम, आवाज गायब. मग तुम्ही म्हणता "आत्ता करत होती हो", आणि मी मान डोलावतो. त्यापेक्षा संध्याकाळी आणून लावा, चावी ठेवून जा. गाडी रात्रभर बाहेर उघड्यावर ठेवतो, शेडमध्ये नाही. सव्वासहाला या, तोवर कोणी हात लावणार नाही. सेल्फ तुम्हीच मारा. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनच्या कव्हरला आणि मूठ कानाला लावून बोनेटपाशी उभा असेन.